उडवीशी डावा

रविवारी संध्याकाळी माझ्या भावाच्या वखारीत सगळ्यात जास्त तोंड कोणाचं चालतं, असं आमच्या आगर गावात कोणालाही विचारा, बोट माझ्याकडेच दाखवतील. वखार चिकूची. दिवसभर तिथे चिकू धुतात, निवडतात, खोक्यांत भरतात. संध्याकाळी कामाच्या बायका घरी गेल्या की पाला झाडून, क्रेट उलटे घालून, त्यावर पोती टाकून आम्ही बसतो. भिंतीवर मोठा टीव्ही आहे. तो बाजारभाव बघायला घेतोय, असं भावाने वहिनीला सांगितलं होतं. त्यावर बाजारभाव लागल्याचं मी तरी आजवर पाहिलेलं नाही. लागतात त्या मोटारींच्या शर्यती. युरोपातली शर्यत आपल्याकडे दिवेलागणीच्या सुमाराला सुरू होते, ही देवाने चिकूवाल्यांसाठी केलेली सोय आहे, असं भाऊ म्हणतो.

आमची मंडळी मोजकी. एक माझा धाकटा भाऊ. दुसरे फुगेवाले शेठ. डहाणूत त्यांचा फुग्यांचा कारखाना आहे, घरी गुजराती बोलतात आणि आमच्याशी त्यांचं स्वतःचं मराठी. तिसरा माझाच जुना विद्यार्थी, ज्याचं हायवेला गॅरेज आहे. मी शाळेत भूगोल शिकवते आणि हा माझ्या तासाला कायम मागच्या बाकावर झोपलेला असायचा. आता तो मला टायरचे प्रकार समजावून सांगतो आणि मी जागी राहून ऐकते. आणि भावाची मुलगी, माझी भाची. ती एका कोपऱ्यात पाय दुमडून बसायची, फारसं बोलायची नाही, पण शर्यत संपली तरी ती उठायची नाही. पुन्हा दाखवतात ते सगळं बघून मगच उठायची.

आमच्या गप्पांना ज्ञान म्हणावं असं त्यात फार काही नसतं. भाऊ लाल गाडीवाल्यांचा भक्त. दर वर्षी मार्चमध्ये तो ‘या वर्षी नक्की’ म्हणतो आणि पावसाळ्यापर्यंत त्याचा चेहरा सुतक लागल्यासारखा होतो. शेठ पावसाचे चाहते. ट्रॅक कोरडा असेल तर त्यांना डुलकी लागते. “पाणी पडला तरच खबर पडे कोण ड्रायव्हर ने कोण पॅसेंजर,” असं ते प्रत्येक शर्यतीला न चुकता म्हणतात. गॅरेजवाल्याचा जीव रॅलीत आणि मोटरसायकलींत. फॉर्म्युला वन म्हणजे कॉम्प्युटरवाल्या पोरांची शर्यत, चालक नुसता आत बसवायला लागतो, हे त्याचं मत. मोनाकोच्या शर्यतीबद्दल मात्र आमचं सगळ्यांचं एकमत आहे. डहाणूच्या स्टेशन रोडवर लग्नाची वरात निघाली की मागे अडकलेल्या रिक्षा जशा चालतात, तशी ती शर्यत चालते. चोवीस तासांची शर्यत लागली की सुरुवात सगळे बघतो, मग घरी जाऊन जेवतो, झोपतो, सकाळी येऊन शेवट बघतो, आणि रात्रभर जागल्यासारखे एकमेकांशी बोलतो.

माझा विषय ब्रेक. चालकाचं काळीज किती मोठं ते त्याने वळणाआधी पाय कुठे उचलला यावरून कळतं, असा माझा सिद्धांत आहे आणि तो मी सगळ्यांना ऐकवून ऐकवून पाठ करून घेतला आहे. ‘याचं लग्न झाल्यापासून हा लवकर ब्रेक मारायला लागला.’ ‘याला मुलगा झाला, आता हा संपला.’ एका तरुण चालकाचा मोठा अपघात झाला होता, आणि पुढच्याच शर्यतीत तो बिचारा जपून चालवत होता. मी म्हटलं, याने आता घरी बसावं आणि नातेवाइकांच्या लग्नांत पंगती वाढाव्यात. वखारीत हशा पिकला. शेठ तर क्रेटवरून पडता पडता राहिले. मी स्वतः स्कूटर चालवते, तीही शाळेपर्यंत, आणि वाटेतल्या प्रत्येक कुत्र्याला आधी वाट देते. हे कोणी मला कधी ऐकवलं नाही. बाईंना कोण ऐकवणार?

दुसरा विषय रॅलीतला शेजारी. रॅलीच्या गाडीत दोघं असतात. एक चालवतो आणि दुसरा मांडीवरचे कागद वाचत पुढचं वळण सांगत राहतो. मला या माणसाचं भारी कौतुक. नकाशा वाचणारा माणूस, म्हणजे माझ्याच जातकुळीतला. भाचीला मी पुन्हा पुन्हा सांगायचे, “डोळ्यांना धूळ दिसते, झाडं दिसतात, भीती दिसते. डोळ्यांवर जाऊ नये. शेजारच्याने शब्द दिला की वळायचं. शब्द आला नाही तर वळायचं नाही. एवढा विश्वास टाकता आला तरच रॅली.” ती मान हलवायची. मला वाटायचं, नेहमीसारखी नुसती मान हलवतेय.

तिचं कॉलेज संपलं आणि ती बागेचा हिशेब बघायला लागली. हिशेब कमी आणि गाडी जास्त. भावाची जुनी पांढरी गाडी, जिच्या मागच्या सीट काढून चिकूचे क्रेट ठेवतात, ती तिने बागेतल्या वाटांवरून अशी काही चालवायला घेतली की मजूर झाडाआड उभे राहून टाळ्या वाजवायचे. गॅरेजवाल्याने एकदा तिच्या शेजारी बसून फेरी मारली. उतरल्यावर म्हणाला, “बाई, ही आपल्यासारखी बघणारी नाही. ही चालवणारी आहे.”

त्यानेच खबर आणली. भात कापून झालं की एक क्लब आपल्या भागात रॅली घेणार होता. तलासरीकडून टेकड्यांमधून सायवनच्या अंगाला उतरणारा कच्चा रस्ता त्या दिवसापुरता बंद ठेवणार होते. नवख्यांसाठी वेगळा गट होता, आणि त्या गटात जे चांगले चालवतील त्यांना क्लब पुढच्या हंगामात स्वतःच्या गाडीत बसवून शिकवणार होता. भाचीने हे बापाला सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. भाऊ बराच वेळ चिकू निवडत राहिला. वहिनी आतून म्हणाली की मुलीला बघायला येणाऱ्यांना आता हेही सांगायचं का. शेवटी भाऊ म्हणाला, “एकदाच. जमलं तर पुढचं बघू. नाही जमलं, घाबरलीस, तर हा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही. आणि शेजारी आपलं माणूस पाहिजे. परका पोरगा नको.”

आपलं माणूस म्हणजे मी. मला कोणी दोनदा विचारलं नाही आणि मीही आढेवेढे घेतले नाहीत. मनातून मी कधीपासून त्या सीटवर बसलेच होते.

रॅलीच्या आधीच्या रविवारी रस्ता बघून यायची परवानगी होती. आम्ही दोघी सकाळीच निघालो. कासा ओलांडून आत गेलो तशी कापलेल्या भाताची खाचरं लागली. भाची हळूहळू चालवत होती आणि मी मांडीवर जाड कागद घेऊन लिहीत होते. डावा, उजवा, सरळ, चढ. वळण आवळतं तिथे ‘कडक’. मी शाळेतल्या मुलांना नकाशा काढायला शिकवते, तेव्हा खुणा कशा घ्यायच्या तेही शिकवते, त्यामुळे हात भराभर चालला. एका ठिकाणी उतार संपून रस्ता एकदम डावीकडे वळत होता आणि आधी काही कळायला मार्ग नव्हता. ना झाड, ना खांब, ना घर. होती ती एक उडवी. कापलेल्या भाताचे भारे खळ्याशेजारी गोल रचून ठेवतात ना, ती उडवी. चांगली माणसापेक्षा उंच, सोन्यासारखी पिवळी, लांबून डोळ्यात भरणारी. मी लिहिलं, ‘उडवीशी डावा, कडक.’ भाचीला वाचूनही दाखवलं. ती हसली आणि म्हणाली, “आत्या, उडवीशी आलो की तू नुसतं ‘डावा’ म्हण. मला कळेल.”

आता तुम्ही शेतकऱ्याच्या घरचे असाल तर मी काय करून ठेवलं ते तुम्हाला एव्हाना कळलं असेल. मीही शेतकऱ्याच्याच घरची. आमच्या लहानपणी बागेमागे आमचं भात होतं. आमचीही उडवी असायची, आणि ती झोडायच्या दिवशी आम्हाला शाळा बुडवायला मिळायची. उडवी ही झोडायला रचतात, ठेवायला नाही. हे मला माहीत होतं. पण त्या सकाळी मी शेतकऱ्याची मुलगी नव्हते. मी टीव्हीत बघितलेली, हेल्मेटवाली, कागद वाचणारी कोणीतरी होते.

रॅलीच्या दिवशी माळावर जत्रेसारखी गर्दी होती. गोळेवाला आला होता, भजीची गाडी आली होती, झाडांवर पोरं चढली होती. भाऊ, शेठ आणि गॅरेजवाला शेवटच्या टप्प्याच्या टोकाला, जिथे गाड्या थांबतात तिथे उभे राहिले. गॅरेजवाल्याने गाडीत आरशाखाली छोटा कॅमेरा बसवून दिला होता. पट्टे आवळले, हेल्मेटं घातली, आणि कानात मला माझाच श्वास मोठा ऐकू यायला लागला. भाचीचा श्वास ऐकू येत नव्हता. ती बागेत निघाल्यासारखी शांत होती.

सुरुवात चांगली झाली. इतकी चांगली की मला आता ते लिहितानाही बरं वाटतं. मी ‘उजवा’ म्हणायचा अवकाश, गाडी उजवीकडे. ‘चढ, सरळ’ म्हटलं की तिचा पाय खाली. माझा शब्द आणि तिचा हात यांत फट नव्हती. आयुष्यात माझं म्हणणं इतकं तंतोतंत कोणी ऐकलं नसेल, वर्गात नाही, घरात तर नाहीच. मी वेडी झाले होते आनंदाने. मग उतार लागला, मी कागदावर बघितलं, ‘उडवीशी डावा, कडक’, आणि मान वर केली.

उडवी नव्हती.

मी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. धूळ होती, खाचरं होती, सगळी एकसारखी. मला वाटलं मी ओळ चुकले, पान चुकले. मी कागद मागे उलटला, पुढे उलटला. गाडी उतारावरून सुटली होती. “उडवी,” मी म्हटलं, “थांब, उडवी कुठाय? उडवी कुठे गेली?” भाची सरळ निघाली होती, हात स्टिअरिंगवर पक्के. समोर बांध दिसला. आणि मी, वीस देशांच्या चालकांना काळीज नाही म्हणणारी बाई, मधला हँडब्रेक दोन्ही हातांनी धरून वर ओढला.

गाडी गरकन फिरली आणि मागचा भाग बांधाला जाऊन आपटला. आम्हाला कोणाला लागलं नाही. इंजिन बंद पडलं. धूळ खाली बसली, तेव्हा खिडकीतून मला रस्त्याकडेला सारवलेलं खळं दिसलं, आणि त्याच्या पलीकडे झोडून झालेल्या पेंढ्याचा बसका ढीग. आठवड्याभरात खळेवाल्यांचं भात घरी गेलं होतं. मी त्या ढिगाकडे बघत राहिले आणि माझे कान तापले. माझ्या आईने हे बघितलं असतं तर तिने मला तिथेच झोडून काढलं असतं.

पोरं धावत आली, गाडी ढकलून रस्त्यावर काढली. पुढचा रस्ता मी वाचला नाही. मला वाचताच येईना. भाचीने तो बघून बघून, जमेल तसा पूर्ण केला. शेवटच्या टोकाला भाऊ उभा होता. त्याने आधी आम्हा दोघींकडे बघितलं, मग मागे चेपलेल्या पत्र्याकडे. “काय झालं?”

भाचीने हेल्मेट काढलं. “माझं चुकलं, बाबा. घाबरले. ब्रेक आधीच लागला.”

ती हे इतक्या पटकन बोलली की मला आधी कळलंच नाही. मी तोंड उघडलं. गॅरेजवाल्याने माझ्या हातात पाण्याची बाटली दिली, आणि मी त्या उघडलेल्या तोंडाने पाणी प्यायले.

तिने मला का वाचवलं, ते मला त्याच क्षणी कळलं होतं. गावभर मी बाई होते, तिची आत्या होते, सगळं माहीत असलेली. आमच्याकडे आत्याचं चारचौघांत हसं होऊ देत नाहीत. तिने तिचा मान मला दिला, आणि मी तो घेतला, वर नंतरही परत दिला नाही. एक दिवस गेला, दुसरा गेला, आणि सांगायचं तसंच राहिलं. आमच्या मंडळींच्या ग्रुपवर शेठने लिहिलं, ‘छोकरी डरी गई, वांधा नहीं.’ गॅरेजवाल्याने लिहिलं, ‘आधी पाय उचलला, पण ठीक.’ सगळे माझी वाट बघत होते, कारण ब्रेकचा विषय माझा. मी लिहिलं, ‘पहिलीच वेळ होती.’ यात एकही शब्द खोटा नव्हता. ते लिहून मी फोन उशीखाली घातला आणि मला माझी इतकी किळस आली की मी रात्री जेवले नाही. पण तो मजकूर पुसलाही नाही.

भावाने घरात विषय बंद केला. गाडीत पुन्हा क्रेट भरले. वहिनी कोणाकोणाला फोन करायला लागली. भाची हिशेब लिहीत बसलेली दिसायची. मी गेले की उठून चहा ठेवायची, नेहमीसारखीच “आत्या, साखर कमी ना?” विचारायची. तिने जरा तुटक वागायला हवं होतं. मला ते सोसलं असतं.

पुढच्या रविवारी शर्यत नव्हती, हंगाम संपला होता. शेठना करमेना. ते म्हणाले, “आपडी छोकरीची रेस बघूया ने, मोठ्या टीव्हीवर.” कॅमेऱ्याचा व्हिडिओ भाचीच्या फोनवर होता. भाचीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती उठली, फोन टीव्हीला जोडला आणि म्हणाली, “आवाज नाहीये हं, काका. माइक चालला नाही.”

माइक चालला होता. रॅलीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघींनी तो तपासला होता आणि त्यात माझा खोकला ऐकून हसलो होतो. कॅमेरा रस्त्याकडे तोंड करून होता, त्यात हात कोणाचेच दिसत नव्हते. आवाज काढून टाकला की माझ्याविरुद्धचा पुरावाच उरत नव्हता. तिने नीट विचार करून माझ्यासाठी ते केलं होतं.

रस्ता मुकाट्याने पुढे सरकायला लागला. मंडळींनी नेहमीचं सुरू केलं. “अरे वा, काय घेतलं वळण!” “इथे बघ, पाय उचलला नाही, शाब्बास.” मग उतार आला. गाडी सरळ गेली, जराशी डगमगली, एकदम फिरली आणि आभाळ, खाचर, आभाळ असं दिसून थांबली. गॅरेजवाल्याने मागे नेऊन पुन्हा लावलं. “हे बघा, इथे वळण आलं, हिने वळवलीच नाही. आणि इथे घाबरून एकदम ब्रेक. गोठली.” शेठ म्हणाले, “एवढा सरस चलावे छे, ने इथे काय थया?” भाऊ चित्र संपलेल्या पडद्याकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याला वाईट वाटत होतं. बापाला आपल्या पोरीच्या भित्रेपणाचं वाईट वाटत होतं, आणि ती भित्री नव्हती.

मग गॅरेजवाला माझ्याकडे वळला. “बाई, तुम्ही सांगा. तुम्ही शेजारी होतात. तिने पाय कुठे उचलला?”

तो मुद्दाम विचारत नव्हता. दर रविवारी विचारतो तसंच त्याने विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, फक्त भाची फोनकडे बघत होती. अजूनही मला सुटता आलं असतं. ‘वळण अवघड होतं’ असं म्हणता आलं असतं, आणि खरं सांगते, ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं.

मी म्हटलं, “परत लाव. उताराच्या आधीपासून.”

त्याने लावलं. आणि त्या मुक्या चित्रावर मी बोलायला लागले, गाडीत बोलले होते तसंच. “उजवा. सरळ. उतार.” माझा आवाज वखारीत विचित्र घुमला. “उडवी. थांब. उडवी कुठाय? उडवी कुठे गेली?” पडद्यावर बांध आला. मी दोन्ही हात पुढे केले आणि रिकाम्या हवेत हँडब्रेक ओढला. पडद्यावर गाडी फिरली.

कोणाला क्षणभर कळलं नाही. मग गॅरेजवाल्याला आधी कळलं. “बाई, तुम्ही ओढला?” मी मान हलवली. “आणि खूण काय धरली होतीत? उडवी?” मी पुन्हा मान हलवली. शेठ खो खो हसायला लागले. गॅरेजवाला हसायला नको म्हणून तोंडावर हात धरून बसला आणि त्याचे खांदे हलत होते. भाऊसुद्धा हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “ताई! उडवी? अगं, आपण उडव्यांत वाढलो! हिच्या भूगोलात उडव्या जागच्या हलत नाहीत वाटतं!” मी हसू दिलं. मला तेवढं हवंच होतं. मान खाली घालून पोत्याचे दोरे उपटत बसले आणि म्हटलं, जेवढं हसायचं तेवढं हसा.

हसणं ओसरलं. भाऊ डोळे पुसत मुलीकडे वळला. त्याला काहीतरी आठवल्यासारखं झालं. “पण वळण तर समोर होतं. तुला दिसलं नाही?”

“दिसलं,” भाची म्हणाली.

“मग वळली का नाहीस?”

तिने फोन बाजूला ठेवला. “आत्या ‘डावा’ म्हणाली नव्हती.”

तिला वळण दिसत होतं. खाचर दिसत होतं, बांध दिसत होता. ती त्या बांधावर गाडी घेऊन निघाली होती, कारण शब्द आला नाही तर वळायचं नाही, असं मीच तिला कितीतरी रविवार ऐकवलं होतं. मी तोंडाची वाफ दवडत होते. ती ऐकत होती. काळजाच्या ज्या गप्पा मी पोत्यावर बसून मारल्या, ते काळीज माझ्या उजव्या हाताला बसलं होतं, आणि मी त्याला गावात भित्रं म्हणू दिलं. मला वर बघवेना.

भाऊ उठला. टीव्ही बंद केला, क्रेट भिंतीला लावले, बराच वेळ उगाच इकडचं तिकडे करत राहिला. मग दाराशी जाऊन, आमच्याकडे पाठ करूनच म्हणाला, “पुढच्या वेळी शेजारी दुसरं कोणी बसव.”

भाचीने झटकन मान वर केली. तिने ‘पुढच्या वेळी’ ऐकलं होतं. तिचा चेहरा असा उजळला की गॅरेजवाल्याने तिच्या पाठीवर थाप मारली. मी मात्र ‘दुसरं कोणी’ एवढंच ऐकलं आणि मला राग आला. माझी सीट गेली म्हणून. पुरते दोन-तीन श्वास मी त्या रागातच होते, आणि मगच माझं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे गेलं. उडवीची गोष्ट आता मी स्वतःच हसत हसत सांगते. त्या रागाबद्दल मात्र मी अजून कोणाला सांगितलेलं नाही, तिलाही नाही.